थांबविण्याची विद्या

माणसाने वेग कसा मिळविला ह्याचा इतिहास मोठ्या हौसेने लिहिला गेला आहे. स्टीफन्सनचे ‘रॉकेट’ इंजिन, बेंझची तीनचाकी मोटार, राइट बंधूंचे विमान ही नावे शाळेतल्या मुलांनाही पाठ असतात. परंतु मिळविलेला वेग माणसाने आवरला कसा, असा प्रश्न वर्गात विचारला तर मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. चाक ज्याने शोधले तो अज्ञात आहे. आणि उतारावर सुटलेले पहिले चाक धरावयास जो धावला, तोही अज्ञात आहे. माझ्या मते दुसऱ्याचे ऋण पहिल्यापेक्षा कमी नाही.

हल्ली तालुक्याच्या गावातही डिझेलवर चालणाऱ्या उंच, धिप्पाड गाड्यांची गर्दी झाली आहे. जीपच्या वंशातल्या ह्या गाड्यांना आता सारे ‘एसयूव्ही’ म्हणतात. गाडीचा मालक चारचौघांत तिच्या इंजिनाची ताकद कौतुकाने सांगतो. पण गॅरेजात मिस्त्रीपुढे उभा राहिला की त्याचा सूर उतरतो. “ब्रेक दाबला की जरासा आवाज येतो, बाकी काही नाही.” “सकाळी पेडल थोडे खोल जाते, बाकी काही नाही.” ह्या ‘बाकी काही नाही’च्या मागे दोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे. तो ठाऊक झाला म्हणजे त्या किरकोळ तक्रारीकडे आपण निराळ्या नजरेने पाहू लागतो. म्हणून तो येथे सांगावयाचा आहे.

*

महाराष्ट्रात थांबण्याचा प्रश्न प्रथम घाटाने विचारला. देशावरून कोकणात उतरणाऱ्या वाटा शतकानुशतके पायी जाणाऱ्यांच्या आणि लमाणांच्या बैलांच्या होत्या. पाठीवर गोणी वाहणाऱ्या बैलाला ब्रेक लागत नाही. त्याचे खूर तेच त्याचे ब्रेक. १८३० साली, सर जॉन मालकम मुंबईचे गव्हर्नर असताना, बोरघाटातून चाकाची गाडी जाईल असा रस्ता खुला झाला, आणि चाकाबरोबर हा प्रश्नही घाटात आला. भरलेली गाडी उतारावर बैलांच्या मानेवर येते. मग चाकाला दोराने लाकूड आवळावयाचे. ते लोखंडी धावेवर घासे, कुरकुरे, आणि उतार लांबला तर त्यातून धूर निघे. त्या जळक्या लाकडाच्या वासात ब्रेकचे सगळे शास्त्र भरलेले होते.

ब्रेक गाडीला धरून ठेवतो अशी आपली समजूत असते. खरे पाहता तो धरीत नाही, जाळतो. गाडीच्या अंगात वेगाच्या रूपाने जी शक्ती साठलेली असते ती नाहीशी करता येत नाही. तिचे फक्त रूप पालटता येते, आणि ब्रेक तिला उष्णतेचे रूप देतो. मॅट्रिकच्या पदार्थविज्ञानात ‘वेग दुप्पट तर शक्ती चौपट’ असे एक वाक्य असते. मुले ते परीक्षेपुरते पाठ करतात आणि मोठी होऊन गाडी चालवू लागली की विसरतात. दोन हजार किलो वजनाची गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने चालली असेल, तर तिला एकदा पुरते थांबविताना जी उष्णता निघते तिच्यावर दीड लिटर गार पाण्याला उकळी येईल. हे झाले सपाटीवर, एकदाच. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी सुमारे पाचशे मीटर खाली येते. तेवढा सारा उतार केवळ ब्रेकवर काढावयाचा म्हटला, तर तीस लिटर पाणी उकळण्याइतकी उष्णता चाकांतल्या त्या चार मुठींएवढ्या वस्तूंनी सोसावयाची! बैलगाडीचे लाकूड धूर का सोडी आणि घाटाच्या तळाशी उभ्या असलेल्या गाडीच्या चाकांना हात का लाववत नाही, ह्या दोहोंचे उत्तर एकच आहे.

*

१८६३ साली त्याच बोरघाटातून आगगाडी वर चढली. दर सदतीस फुटांना एक फूट असा तो चढ होता, आणि त्या काळी गाडी थांबविण्याचे साधन म्हणजे डब्यांवर बसून हाताने चक्र फिरविणारी माणसे. इंजिनियरांचा ह्या साधनावर पुरता भरवसा नव्हता, असे घाटाची रचनाच सांगते. उतरत्या मार्गावर त्यांनी डोंगराच्या अंगाला चढत जाणारे आडरूळ बांधले. येणारी गाडी चालकाच्या ताब्यात आहे अशी खात्री पटेपर्यंत सांधा त्या आडरुळाकडेच वळविलेला असावयाचा. गाडी सुटलेली असली तर ती आपोआप चढावर जाऊन दम टाकील. प्रत्येक गाडी सुटलेलीच आहे असे आधी समजावयाचे आणि मग तिने तसे नसल्याचे पटवून द्यावयाचे, हा त्यातला विचार. ह्या विचाराची आठवण वाचकांनी ठेवावी. पुढे ती लागणार आहे.

अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउस ह्याने १८६९ साली हवेच्या दाबाचा ब्रेक काढला. इंजिनावरच्या पंपाने हवा दाबावयाची, ती नळीतून डब्याडब्याला पोहोचवावयाची आणि तिच्या जोराने सर्व चाकांवर एकदम ठोकळे आवळावयाचे. कल्पना मोठी होती, पण तिच्यात एक उणीव होती. गाडी मध्येच तुटली किंवा नळी फुटली तर हवा निघून जाई आणि ब्रेकची गरज जेव्हा सर्वांत जास्त तेव्हाच ब्रेक नाहीसा होई. तीन वर्षांनी वेस्टिंगहाउसने सगळी मांडणी उलटी केली. नळीत हवा भरलेली असेल तोवर ब्रेक सुटलेला राहावयाचा आणि हवा गेली की तो लागावयाचा. आता नळी फुटली तर गाडी थांबणार! बिघाडालाच त्याने पहारेकरी केले.

पण शहाणपण सुचणे आणि ते सर्वांनी पत्करणे ह्यांत नेहमीच अंतर असते. येथे त्या अंतराची किंमत आयर्लंडमधल्या मुलांनी दिली. १२ जून १८८९ रोजी आर्मा गावाहून रविवारच्या शाळेतली मुले आणि त्यांची वडीलमाणसे समुद्रकिनाऱ्याच्या सहलीला निघाली होती. गाडीला पंधरा डबे होते आणि इंजिन त्या मानाने दुबळे. माथा थोडासा राहिला असता गाडी चढावर अडली. मग अधिकाऱ्यांनी ठरविले, की पुढचे पाच डबे आधी वर न्यावे आणि उरलेल्यांसाठी परत यावे. गाडीला ब्रेक होता, परंतु तो जुन्या मांडणीचा. डबे सोडविताच मागच्या दहा डब्यांपुरता तो संपला. शेवटच्या डब्यातला हाताचा ब्रेक आणि चाकांखाली घातलेले दगड एवढ्यावर ते दहा डबे उतारावर उभे राहिले. पुढचा भाग निघताना किंचित मागे आला, त्याचा धक्का बसला, दगड चिरडले गेले आणि भरलेले डबे उलटे धावत सुटले. मागून दुसरी गाडी येत होती. ऐंशी माणसे मेली. त्यांत मुले पुष्कळ होती.

त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारा अखंड ब्रेक सक्तीचा केला. भारतातल्या आगगाड्यांत पुढे अनेक दशके जो निर्वात ब्रेक होता, तोही ह्याच न्यायाने चालणारा. साखळी ओढली की नळीत हवा शिरे आणि गाडी थांबे. अलीकडे त्याची जागा दाबाच्या हवेच्या ब्रेकने घेतली, पण न्याय तोच राहिला: मोडले तर थांबले पाहिजे.

*

आता मोटारीकडे वळू. मोटार जन्मली ती रस्त्यावरच्या घोडागाडीच्या घरात, आणि तिने ब्रेकही तिथलाच उचलला: चाकावर घासणारा लाकडी ठोकळा. १८८८ च्या ऑगस्टमध्ये कार्ल बेंझची पत्नी बेर्टा आपल्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्याच्या मोटारीतून मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी गेली. सुमारे शंभर किलोमीटरची ती वाट. उतारावर ठोकळे झिजू लागले तेव्हा तिने वाटेतल्या एका चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. आज ज्याला आपण लायनर म्हणतो त्याची ही पहिली कहाणी, आणि ती एका गृहिणीच्या नावावर आहे. थोड्याच वर्षांनी इंग्लंडमधल्या डार्बीशायरच्या डोंगराळ मुलखात हर्बर्ट फ्रूड नावाच्या गृहस्थाने पाहिले, की गाडीवान उतारावर ब्रेकच्या ठोकळ्यांना जुन्या बुटांचे तुकडे लावतात. त्याने त्यातूनच लायनरचा कारखाना उभा केला. पुढे चामडे आणि कापड ह्यांची जागा अॅस्बेस्टॉसने घेतली. ते उष्णता सोसते, पण त्याची धूळ फुप्फुसाला मारक ठरते हे उशिरा उमगले. जुन्या गाडीचा ड्रम उघडून फुंकर मारणाऱ्या मिस्त्रीला आजही हे सांगावे लागते.

चार चाकांवर सारखा जोर पोहोचविणे हा दुसरा प्रश्न होता. दांड्या आणि तारा कितीही जुळविल्या तरी एक चाक आधी धरी आणि गाडी वाकडी जाई. सतराव्या शतकात पास्कलने सांगून ठेवले होते, की कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला तर तो सर्वत्र सारखा पोहोचतो. ह्या नियमाला मोटारीच्या पेडलाखाली आणून बसविले ते अमेरिकेतल्या माल्कम लॉकहीडने. १९२१ साली ड्यूझेनबर्ग गाडीला आणि १९२४ साली क्राइस्लरला तेलाचे ब्रेक लागले, आणि त्यानंतर गाडी सरळ थांबू लागली.

परंतु येथेच मोटारीने रेल्वेची वाट सोडली. तेलाच्या ब्रेकात दाब असेल तेव्हाच ब्रेक लागतो. नळी फुटली, तेल गळले, तर गाडी थांबत नाही. उलट थांबण्याची शक्तीच जाते. म्हणजे वेस्टिंगहाउसने १८७२ साली जी मांडणी टाकून दिली, तीच मोटारीने पन्नास वर्षांनी पत्करली. ह्याला कारण होते. लहान गाडीला हवेचा पंप, टाक्या आणि जड स्प्रिंगा झेपत नाहीत. हल्लीच्या बस आणि ट्रक ह्यांना मात्र ते झेपते. त्यांच्या मागच्या चाकांवर जबर स्प्रिंग असते, हवेच्या दाबाने ती मागे रेटून ठेवलेली असते आणि हवा गेली की चाके आवळली जातात. आपल्या एसयूव्हीला तसे काही नाही. तिच्यासाठी १९६० च्या दशकापासून निराळी तोड निघाली: एका पेडलाखाली तेलाच्या दोन स्वतंत्र वाटा, म्हणजे एक तुटली तर दुसरी अर्धामुर्धा ब्रेक देईल. ही तोड चांगली आहे; पण आडरुळाची सर तिला नाही. रेल्वेचा ब्रेक आपला बिघाड गाडी थांबवून जाहीर करतो. मोटारीचा ब्रेक तो कुजबुजून सांगतो. पेडल जरा खोल जाते, जरा जड लागते, जरासा आवाज येतो. तेवढेच. ती कुजबूज ज्याला ऐकू येत नाही त्याच्या गाडीला पहारेकरी नाही.

*

डिझेलच्या गाडीत ही कुजबूज आणखी एका कारणाने नीट ऐकावी लागते. रूडॉल्फ डिझेलचे इंजिन १८९७ साली आउग्सबुर्ग येथे यशस्वीपणे चालले. तो स्वतः १९१३ साली इंग्लंडला जाताना ‘ड्रेस्डेन’ आगबोटीवरून नाहीसा झाला, आणि त्याचे इंजिन मोटारीत रुळलेले त्याला पाहावयास मिळाले नाही. मर्सिडीजची डिझेल मोटार आली ती १९३६ साली. त्याच्या इंजिनाची रीत अशी, की आत जाणाऱ्या हवेला अडवावयाचे नाही. हवा भरपूर घ्यावयाची, ती जोराने दाबून तापवावयाची आणि तिच्यात डिझेलचा फवारा सोडावयाचा. कमीजास्त करावयाचे ते फक्त डिझेल. पेट्रोल इंजिनात मात्र हवेच्या वाटेवर झडप असते. पाय काढला की ती मिटते आणि तिच्या मागे इंजिन हवा ओढीत राहिल्यामुळे निर्वात तयार होतो.

ह्या झडपेच्या असण्या-नसण्यावर ब्रेकच्या दोन गोष्टी अवलंबून आहेत.

पहिली पायाच्या जोराची. गाड्या जड झाल्या तेव्हा नुसता पाय पुरेना. १९२० च्या दशकात बेल्जियमच्या अल्बेर देवांद्र ह्या इंजिनियराने पेट्रोल इंजिनातल्या फुकटच्या निर्वाताला कामाला लावले. बॉनेटखाली पेडलाच्या समोर जो काळा, कढईएवढा डबा दिसतो तो त्याचाच वंशज. मिस्त्री त्याला बूस्टर म्हणतात. डब्यात रबरी पडदा असतो. पडद्याच्या एका बाजूची हवा काढून घेतलेली असते. पेडल दाबले की दुसऱ्या बाजूने बाहेरची हवा आत येते आणि पडद्याला ढकलते. पडद्याचा व्यास पंचवीस सेंटिमीटर असेल तर वातावरणाचा तो रेटा चारशे किलोच्या घरात जातो! आपण पाय ठेवतो. गाडी थांबवितो तो पृथ्वीभोवतीच्या हवेचा भार. पण डिझेल इंजिनाजवळ हा निर्वात नसतो. म्हणून त्याला निराळा पंप द्यावा लागतो. आपल्याकडच्या पुष्कळ डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीलाच बसविलेला असतो आणि त्याच पट्ट्यावर फिरतो. तेव्हा बॅटरीचा लाल दिवा लागला आणि त्याच सुमारास ब्रेक दगडासारखा जड झाला, तर त्या दोन तक्रारी नव्हेत. तुटलेल्या एका पट्ट्याची ती दोन निवेदने आहेत.

दुसरी गोष्ट उताराची. पेट्रोल इंजिन झडप मिटून चाकांना मागे ओढते. डिझेल इंजिनही हवा दाबते, पण ती दाबलेली हवा स्प्रिंगसारखी उसळून बरीचशी शक्ती परत देते. ह्याचा अनुभव क्लेसी कमिन्स ह्या अमेरिकन डिझेलकर्त्याने १९३१ साली घेतला. आपल्या इंजिनाचा ट्रक घेऊन तो अमेरिका ओलांडीत होता. कॅलिफोर्नियातल्या कॅहोन खिंडीच्या उतारावर ब्रेक तापून निकामी झाले आणि खाली रुळांवरून मालगाडी चाललेली! तिचा शेवटचा डबा पार झाला आणि ट्रक थोडक्यात निभावला. ती घटका कमिन्सच्या मनातून गेली नाही. पुढे निवृत्तीच्या काळात त्याला तोड सुचली: उतारावर हवा पुरती दाबली गेली की नेमक्या त्या क्षणी बाहेरची झडप उघडून ती सोडून द्यावयाची, म्हणजे स्प्रिंग उलटी उसळणारच नाही. हा इंजिनाचा ब्रेक १९६१ साली जेकब्स कंपनीने बाजारात आणला. दुसऱ्याच वर्षी कमिन्सचे नाव किर्लोस्करांच्या जोडीने पुण्यात कोथरूडला आले.

आपल्या एसयूव्हीला जेकब्सचा ब्रेक नसतो. तिला असतो फक्त गिअर. ‘ज्या गिअरात घाट चढाल त्याच गिअरात उतरा’ हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम ह्याच विद्येचे सार आहे. खालच्या गिअरात इंजिन जोराने फिरते आणि उष्णतेचा मोठा वाटा आपल्याकडे घेते. उलट डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करणारा माणूस काय साधतो? गिअरात असताना पाय काढला तर इंजिन डिझेल घेतच नाही. न्यूट्रलमध्ये मात्र चालू राहण्यासाठी घेते. आणि किल्लीच बंद केली तर निर्वाताचा पंप थांबतो, स्टिअरिंगही जड होते. बचत काही नाही आणि तीस लिटर पाणी उकळण्याचे ओझे पुन्हा ब्रेकवर.

*

आपल्याकडे जीप आली ती युद्धानंतर. महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत विलिस जीप जुळविण्यास आरंभ केला. ती पेट्रोलवर चाले. तेलाचे भाव १९७३ नंतर भडकले तसे जीपमध्ये डिझेल इंजिन शिरले. मग १९९४ साली पुण्याहून टाटांची सुमो निघाली. सुमंत मुळगावकरांच्या नावाची आद्याक्षरे जोडून ते नाव झाले. २००० मध्ये बोलेरो आणि २००२ मध्ये स्कॉर्पिओ नाशिकहून आल्या. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला वडाप म्हणतात त्या धंद्याने ह्याच जातीच्या गाड्यांना खेडोपाडी नेले. टपावर गाठोडी, मागे लोंबकळणारी माणसे, आणि ब्रेक कारखान्यात ठरविलेल्या वजनापुरता! मागच्या आसाजवळ असलेली, भाराप्रमाणे मागच्या ब्रेकचा जोर कमीजास्त करणारी छोटी झडप गंजून अडकलेली असली तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

ह्या गाड्यांना बहुधा पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो. ड्रम तापला की फुगतो आणि लायनरपासून दूर जातो. म्हणून लांब उतारावर पेडल खोल जाऊ लागते. डिस्क तापली तर पॅडकडेच सरकते आणि वाऱ्याने लवकर निवते. १९५३ साली ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वार जिंकली तेव्हा डिस्कचे हे गुण जगाने मान्य केले.

आता मिस्त्रीपुढल्या त्या तक्रारींना इतिहासाच्या उजेडात उत्तरे देता येतील.

पेडल लाकडासारखे जड लागते, तर निर्वात नाही: पट्टा, पंप, रबरी नळी किंवा बूस्टरचा पडदा पाहावा. ह्याची परीक्षा घरीच होते. इंजिन बंद असता पेडल चारपाच वेळा दाबून जड होऊ द्यावे आणि पाय तसाच ठेवून इंजिन चालू करावे. पेडल पायाखाली किंचित खाली गेले तर बूस्टर जिवंत आहे.

पेडल स्पंजासारखे मऊ लागते, तर तेलात हवा शिरली आहे. तेल दाबत नाही, हवा दाबते. मग पास्कलचा नियम फसतो. एअर काढून घ्यावी आणि ती शिरली कोठून तेही शोधावे. पेडलावर पाय ठेवून उभे असता ते हळूहळू बुडत जाते आणि बाहेर कोठे गळती नाही, तर मास्टर सिलिंडरमधले रबर तेलाला आतल्या आत परत जाऊ देत आहे. ही तक्रार सपाटीवर क्षुल्लक वाटते, आणि घाटात मात्र तीच आर्माचा दगड ठरते.

घाटात अर्ध्यावर पेडल एकाएकी मऊ झाले आणि गाडी निवल्यावर पुन्हा ठीक झाले, तर ब्रेक ऑइल जुने आहे. हे तेल हवेतला ओलावा पिते. ‘डॉट ३’ जातीचे कोरे तेल २०५ अंशांना उकळते, ओलावा प्यालेले १४० च्या आसपास. ‘डॉट ४’ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. तेल उकळले की वाफ होते, आणि वाफ म्हणजे पुन्हा दाबली जाणारी हवा. कोकणच्या पावसाळ्यातून फिरणाऱ्या गाडीचे तेल दर दोन वर्षांनी बदलावे. डिझेलच्या एका टाकीच्या मानाने ती बाटली अगदीच स्वस्त पडते.

गाडी एका बाजूला ओढते, तर ते चार चाकांच्या समानतेचे जुने भांडण आहे. टायरमधली हवा, अडकलेला कॅलिपर, किंवा आसाच्या सीलमधून गळून लायनरवर आलेले तेल ह्यांपैकी काहीतरी एका चाकाला वेगळे पाडीत आहे. पावसात उभ्या राहिलेल्या गाडीने सकाळी पहिल्या दोन ब्रेकांना खरखर केली तर तो डिस्कवरचा गंज, आणि तो जातो. रोज बारीक चिरका आवाज येतो तो बहुधा झिजलेल्या पॅडवरचा पत्रा. तो मुद्दाम ओरडण्यासाठीच बसविलेला असतो. ओढ्यातून गाडी काढली तर पलीकडे ब्रेक हलकेच दाबून धरीत थोडे अंतर जावे, म्हणजे ड्रम वाळतात. आणि जोरात ब्रेक मारताना पायाखाली धडधड झाली तर घाबरू नये. ते एबीएस यंत्र, चाक घसरू नये म्हणून दाब क्षणोक्षणी सोडते आणि धरते. १९७८ साली मर्सिडीजमध्ये आलेले हे यंत्र आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना सक्तीचे आहे.

इंजिनाच्या बारीकसारीक तक्रारींनाही हाच कान लागतो. सकाळी सुरू होऊन लगेच बंद पडणाऱ्या डिझेल गाडीच्या नळीत बहुधा हवा शिरलेली असते, अगदी ब्रेकच्या तेलात शिरावी तशी. थंडीतच कुरकुरणाऱ्या गाडीचे हीटर प्लग पाहावे. धूर काळा असला तर हवा कमी पडते किंवा फवारा नीट नाही. निळा असला तर इंजिनाचे तेल जळते आहे. पण ह्या तक्रारींत आणि ब्रेकच्या तक्रारीत एक मोठा फरक आहे. इंजिन बिघडले तर गाडी उभी राहते. मालक वैतागतो आणि संध्याकाळी घरी उशिरा पोहोचतो. ब्रेक बिघडला तर गाडी चालतच राहते, आणि ती चालते आहे म्हणूनच मालकाला वाटते की काही बिघडले नाही.

बोरघाटाच्या इंजिनियरांनी प्रत्येक उतरणाऱ्या गाडीवर अविश्वास दाखविला आणि त्यासाठी डोंगर कोरून आडरूळ बांधले. आपल्या गाडीसाठी असा आडरूळ रस्त्यावर क्वचितच असतो. तो घाट लागण्यापूर्वी, घरच्या अंगणात बांधावा लागतो: तेलाच्या बाटलीची रेघ पाहून, पेडल दाबून, चाकाच्या आतल्या अंगाला हात फिरवून. त्याला पाच मिनिटे लागतात. मागच्या बाकावर मुले बसलेली असतील, तर ती पाच मिनिटे देण्यासारखी आहेत.